‘उंदरांवर यशस्वी’ म्हणजे नक्की कुठल्या उंदरांवर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत आणि हल्ली रोजच्या अंकातही ‘उंदरांवरचा प्रयोग यशस्वी, आता अमुक आजारावर उपाय’ अशी एक चौकट थोड्या थोड्या दिवसांनी येतेच, आणि त्यात नवजात बाळांचं काही असलं की तिचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर फिरतो, मग कोणाची तरी सून किंवा भाची एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) बाहेर बसलेली असते तिला तो पाठवला जातो आणि ती बिचारी राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारते की हे आमच्या बाळाला का देत नाही. मी पशुवैद्य आहे, आता रिटायर्ड. नोकरीतली बरीच वर्षं प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची देखभाल करण्यात गेली, त्यामुळे अशी चौकट वाचली की माझा पहिला प्रश्न असतो, कुठला उंदीर? किती दिवसांचा? आणि त्याला तो आजार झाला होता की तुम्ही केलात? बातमीत यातलं काहीच नसतं. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मधलं डुकराचं कापू नका, खरं काय ते तिथेच आहे.

उदाहरण एकच घेतो, एनईसी. पूर्ण नाव नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस, पण वॉर्डात सगळे एनईसीच म्हणतात. वेळेच्या खूप आधी जन्मलेल्या बाळाच्या आतड्याला सूज येते, आतड्याचा एखादा भाग काळा पडून मरतो, कधी भोक पडतं. दीड किलोच्या आतल्या बाळांमध्ये साधारण शंभरात पाच ते सात जणांना होतो, काही ठिकाणी जास्तही. पोट फुगतं, नळीतून हिरवं यायला लागतं, शीमध्ये रक्त दिसतं, आणि एक्सरेमध्ये आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले की डॉक्टरांचे चेहरे बदलतात. यात सगळ्यात वाईट काय, तर हा आजार बहुतेक वेळा जन्मल्या जन्मल्या येत नाही, दोन-तीन आठवड्यांनी येतो, म्हणजे बाळाचा श्वास जरा सुधारलाय, दूध वाढवत आणलंय, घरच्यांना वाटतंय सुटलो, आणि तेव्हा. ज्यांना होतो त्यातली २० ते ३० टक्के बाळं जातात, ऑपरेशनची वेळ आली तर त्याहून जास्त, आणि वाचलेल्यांतल्या काहींचं आतडं इतकं आखूड उरतं की पुढे कित्येक महिने सलाइनमधून पोषण द्यावं लागतं. आजाराच्या पायऱ्या ठरवणारी बेल यांची पद्धत १९७८ ची आहे, थोड्या सुधारणांसह आजही तीच वापरतात. कारण मात्र अजून एका वाक्यात कोणी सांगू शकत नाही. आतडं कच्चं, त्यात नको ते जंतू, त्यात बाहेरचं दूध, त्यात रक्तपुरवठ्याची गडबड, असं सगळं मिळून काहीतरी होतं.

आता हे शिकायचं कसं? सातशे-आठशे ग्रॅमच्या बाळाच्या आतड्याचा तुकडा आजार सुरू होण्याआधी कोणी काढून बघणार नाही, काढूही नये. ऑपरेशनमध्ये मिळतो तो शेवटचा तुकडा, सगळं होऊन गेल्यावरचा. म्हणून प्राणी. इथपर्यंत मला काही वावगं वाटत नाही.

१९७४ साली न्यूयॉर्कमध्ये बार्लो, सँतुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात रॅटवर पहिलं गाजलेलं मॉडेल केलं, मॉडेल म्हणजे प्राण्यात तोच आजार आणून अभ्यास करायची पद्धत. (रॅट आणि माउस हे दोन वेगळे प्राणी आहेत हो, आपण दोघांनाही उंदीर म्हणून मोकळे होतो, निदान बातमीत तरी पांढरा मोठा उंदीर की छोटा ते लिहीत जा.) पिल्लं आईपासून बाजूला केली, फॉर्म्युला, म्हणजे डब्यातलं पावडरचं दूध, पाजला, ऑक्सिजन तोडून गुदमरवलं, पुढे थंडीचाही ताण वापरला, आणि आतडी सडायला लागली. आईचं दूध मिळालेली पिल्लं मात्र त्याच हालअपेष्टा सोसून वाचली. यातूनच सँतुली यांनी ते प्रसिद्ध त्रिकूट मांडलं, आतड्याला इजा, जंतू आणि पोटात गेलेलं दूध, तिन्ही एकत्र आले की एनईसी. पन्नास वर्षं उलटली, अजूनही या मॉडेलचे चुलत-मावस भाऊ जगभर चालू आहेत. माउसच्या पिल्लांवर आज जे सर्रास करतात ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. सात ते दहा दिवसांचं पिल्लू, वजन काही ग्रॅम, त्याला बारीक नळीने दिवसातून पाच वेळा दूध. ते दूध म्हणजे माणसाच्या बाळाचा फॉर्म्युला आणि कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर यांचं मिश्रण, खरंच, चेष्टा करत नाही. दिवसातून दोन वेळा दहा मिनिटं फक्त ५ टक्के ऑक्सिजनच्या डब्यात. वर काही लॅबमध्ये एनईसी झालेल्या बाळाच्या शीतून काढलेले जंतू त्या दुधात घालतात. असं चार दिवस. गाडी का बंद पडते ते शोधायला आधी आपणच टाकीत माती टाकायची, असला हा प्रकार आहे. माती टाकल्यावर गाडी बंद पडते हे त्यातून नक्की कळतं, पण रस्त्यावरच्या सगळ्या बंद गाड्या मातीमुळेच बंद आहेत असं त्यावरून म्हणता येत नाही.

कारण एनआयसीयूमधली बहुतेक बाळं एनईसीच्या आधी गारठलेली नसतात आणि कोणी त्यांना डब्यात गुदमरवलेलं नसतं. उलट ती इन्क्युबेटरच्या उबेत असतात, मॉनिटर लावलेले असतात. आणि ते पिल्लू मुळात वेळेआधी जन्मलेलं नसतंच, पूर्ण दिवसांचं असतं, फक्त उंदराचं पूर्ण दिवसांचं पिल्लूसुद्धा आतड्याच्या बाबतीत माणसाच्या मानाने फार कच्चं असतं म्हणून त्याला ‘प्रीमॅच्युअर’ धरून चालतात. बाळाची कच्ची फुप्फुसं, लागलेल्या नळ्या, दिलेली अँटिबायोटिक्स, यातलं काही त्या पिल्लात नसतं.

तरी या रॅट-माउसनी काहीच दिलं नाही असं म्हणणारा मी नव्हे. आईच्या दुधाचंच बघा. रॅटमध्ये १९७४ ला दिसलं, माणसात १९९० मध्ये लुकस आणि कोल यांनी ब्रिटनमधल्या ९२६ प्रीमॅच्युअर बाळांचा अभ्यास छापला त्यात फक्त फॉर्म्युलावरच्या बाळांना एनईसी आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा ६ ते १० पट जास्त दिसला. म्हणजे दिशा बरोबर होती. टीएलआर-४ नावाचं जंतू ओळखणारं रिसेप्टर कच्च्या आतड्यात जास्त प्रमाणात असतं आणि तेच आग भडकवतं, हे डेव्हिड हॅकम आणि मायकेल कॅप्लन यांच्या गटांनी २००६-०७ च्या सुमारास माउसमध्ये दाखवलं, कारण टीएलआर-४ बिघडलेला माउस आयता मिळतो आणि त्या पिल्लांना तेवढा त्रास झाला नाही. हे काम डुकरावर झालंच नसतं, असे जीन बदललेले प्राणी माउसमध्येच सहज मिळतात. आणि सॅन दिएगोच्या लार्स बोडे यांच्या लॅबने २०१२ मध्ये आईच्या दुधातल्या शेकडो साखरांपैकी डीएसएलएनटी नावाची एकच साखर रॅटच्या पिल्लांना वाचवते असं शोधून काढलं, मग पुढे काही वर्षांनी खऱ्या आयांच्या दुधाचे नमुने तपासले तर ज्यांच्या बाळांना एनईसी झाला त्यांच्या दुधात तीच साखर कमी निघाली. हे मला खरंच भारी वाटलं. नुसतं उंदरावर थांबले नाहीत, माणसात जाऊन पडताळलं.

पण आता दुसरी बाजू, आणि ही आपल्या महाराष्ट्राशी थेट संबंधित आहे. त्याच न्यूयॉर्कच्या गटाने १९७७ मध्ये दाखवलं की रॅटच्या पिल्लांना वाचवतात त्या दुधातल्या जिवंत पांढऱ्या पेशी, दूध गोठवून त्या मारल्या की संरक्षण गेलं. आता विचार करा, याच्यावरच विश्वास ठेवून कोणी बसलं असतं तर मिल्क बँक हा प्रकारच निकालात निघाला असता. मिल्क बँकेत काय करतात? दुसऱ्या आईने दिलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात आणि उणे २० ला गोठवतात, त्यात पेशी जिवंत राहायचा प्रश्नच नाही. आणि तरीसुद्धा माणसाच्या बाळांवरच्या ट्रायल्स एकत्र करून बघितल्या तर असलं पाश्चराइझ केलेलं दूध मिळालेल्या बाळांपेक्षा फॉर्म्युला मिळालेल्या बाळांना एनईसीचा धोका जवळपास दुप्पट दिसतो. म्हणजे रॅटने जे सांगितलं ते रॅटपुरतं खरं, बाळापुरतं अर्धवट. सुदैवाने आपल्याकडे मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्येच आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली.

आता डुकराकडे येतो. कोपनहेगन विद्यापीठात पेर सँगिल्ड आणि त्यांची टीम आहे. डुकरिणीचे दिवस साधारण ११५, ते दहाएक दिवस आधी सिझेरियन करून पिल्लं काढतात. म्हणजे ही पिल्लं खरोखरच अकाली. फुप्फुसं कच्ची, उभं राहता येत नाही, अंगात उष्णता धरत नाहीत, इन्क्युबेटरमध्ये ठेवावी लागतात, शिरेतून पोषण द्यावं लागतं. मग हळूहळू फॉर्म्युला सुरू करायचा. गुदमरवणं नाही, गारठवणं नाही, आणि तरीही बऱ्याच पिल्लांना आपोआप एनईसी होतो. चीक पाजला, मग तो डुकरिणीचा असो की गाईचा, तर फार कमी. आणि जंतूविरहित वातावरणात वाढवली तर होत नाही. हे २००६ मध्ये छापून आलं तेव्हा या क्षेत्रातल्या लोकांनी कान टवकारले असणार, कारण आजार ‘केला’ नव्हता, झाला होता. पशुवैद्य म्हणून मला तर ते अगदी पटतं, डुकराचं आतडं, त्याचा आहार, त्याचा आकार, सगळंच माणसाच्या जास्त जवळ. नवजात पिल्लू जवळपास किलोभराचं, म्हणजे बाळाचीच नळी, बाळाचाच सलाइन पंप, बाळाचीच सर्जरी त्याच्यावर करून बघता येते.

पण डुकराचंही एक आहे आणि ते बातमीत कधीच येत नाही. डुकरिणीच्या वारेतून पिल्लाला अँटिबॉडीज जातच नाहीत. गाय, म्हैस, शेळी, सगळ्यांचं तेच, म्हणून तर गोठ्यात वासरू जन्मलं की पहिल्या काही तासांत चीक पाजायची घाई असते. माणसाच्या बाळाला आईच्या अँटिबॉडीज वारेतून मिळतात, जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत, आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला बऱ्याच मिळालेल्या असतात, सहाव्यात जन्मलेल्याला कमी. पण शून्य नाही. म्हणजे चिकाचा परिणाम डुकराच्या पिल्लात जो एवढा जोरदार दिसतो, तो बाळात तेवढाच दिसेल असं धरता येत नाही. शिवाय पिल्लांना एनईसी दूध सुरू केल्यावर तासांत किंवा एक-दोन दिवसांत होतो, बाळांना आठवड्यांनी. कोपनहेगनवाल्यांना हे माहीत आहे, म्हणून त्यांनी एकदम ‘गाईच्या चिकाने बाळं वाचणार’ अशी हाकाटी न करता डेन्मार्क आणि चीनमध्ये आधी लहान पायलट ट्रायल केल्या, सहन होतं की नाही एवढंच बघायला. आणि हे मी मुद्दाम लिहितोय कारण आपल्याकडे गाईच्या चिकाची पावडर, कॅप्सूल, काय काय विकायला निघालंय, आणि खरवस आवडणाऱ्या आपल्या लोकांना ते लगेच पटतं. सव्वा किलोच्या बाळाला घरच्या म्हशीचा चीक चमच्याने द्यायचा विचार कृपया कोणी करू नका.

आता प्रोबायोटिक्स, म्हणजे फायद्याचे म्हणून पाजायचे जिवंत जंतू. हे प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं आणि चौकटींमध्ये सगळ्यात जास्त वेळा हेच येतं. १९९९ मध्ये कॅप्लन यांच्या गटाने दाखवलं की बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस पाजला तर रॅटच्या पिल्लांत एनईसी कमी होतो. छान. २००८ मध्ये कोपनहेगनच्या डुकरांमध्ये प्रोबायोटिक दिलं, एनईसी कमी झाला, छान. मग २०११ मध्ये त्याच कोपनहेगनच्या गटाने, त्याच अकाली डुकरांमध्ये, वेगळं प्रोबायोटिक मिश्रण वापरलं तर एनईसी वाढला. वाढला! आणि त्यांनी तो निकाल शीर्षकातच सांगून छापला, लपवला नाही, याबद्दल त्यांना मनापासून सलाम. मला सांगा, यातली कुठली बातमी आपल्या पेपरात आली असती? २००८ ची आली असती. २०११ ची कोणाच्या टेबलावरून पुढेच गेली नसती.

आणि बाळांमध्ये काय झालं? तिथेही तसंच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या प्रोप्रेम्स ट्रायलमध्ये १०९९ बाळं होती, २०१३ ला निकाल आला, तीन जंतूंच्या मिश्रणाने एनईसी ४.४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. मग २०१६ ला ब्रिटनची पिप्स ट्रायल, तेराशेवर बाळं, एकाच जातीचा बिफिडोबॅक्टेरियम, काहीही फरक नाही. म्हणजे ‘प्रोबायोटिक’ असं एक औषध नाहीच, जंतूची जात कुठली, मिश्रण कुठलं, सुरू कधी केलं, यावर सगळं. आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, प्रीमॅच्युअर बाळांना ही उत्पादनं देण्याबद्दल डॉक्टरांना लेखी इशारा दिला, कारण एका बाळाला दिलेल्या प्रोबायोटिकमधल्याच जंतूचा रक्तात संसर्ग होऊन ते बाळ दगावलं. बरेच निओनॅटॉलॉजिस्ट (नवजात बाळांचे डॉक्टर) या इशाऱ्यावर नाराज आहेत, त्यांचं म्हणणं की याने मिळणारा फायदाही बंद होईल, आणि तेही चुकीचं नाही बोलत. भांडण चालू आहे. असं भांडण चालू असताना आपण ‘चांगले जंतू वाचवणार बाळाचे प्राण’ असा मथळा देतो आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पाऊच मागायला लोक जातात. ओडिशातली ती मोठी ट्रायलही लोक मध्ये आणतात, २०१७ ला नेचरमध्ये आली होती, साडेचार हजारांवर बाळं, सेप्सिस (अंगभर पसरणारा गंभीर संसर्ग) आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी कमी, आपल्या देशाला अभिमान वाटावा असं काम. पण ती बाळं दोन किलोच्या वरची होती, ३५ आठवड्यांच्या पुढची, खेड्यांतली. सातशे ग्रॅमच्या बाळाशी तिचा संबंध जोडू नका.

एचएमओचं, म्हणजे आईच्या दुधातल्या त्या साखरांचं, तर अजून ताजं आहे. परदेशात फॉर्म्युलाच्या डब्यावर ठळक अक्षरांत एचएमओ लिहिलेलं असतं, आणि तिकडून येणारे नातेवाईक आणतातही ते डबे, त्यातली मुख्य साखर टू-एफएल. २०१६ साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन या एकाच मासिकात, एकाच वर्षी, दोन पेपर आले. हॅकम यांच्या जवळच्या गटाचा, टू-एफएलने माउसच्या पिल्लांत एनईसी सौम्य होतो. आणि कोपनहेगनचा, अकाली डुकरांमध्ये टू-एफएलचा फारसा परिणाम नाही. दोन्ही प्रामाणिक, दोन्ही नीट केलेले. जाहिरात करणारा कुठला उचलणार हे मी सांगायला नको. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, बाळाच्या दुधाच्या पर्यायांची जाहिरात करता येत नाही, पण ‘संशोधन’ म्हणून छापलेल्या बातमीला तो कायदा कसा लागू होणार? म्हणून माझं म्हणणं आहे की अशी प्रेसनोट आली की पहिलं बघा पैसे कोणी दिलेत.

अजून एक मजेशीर मॉडेल सांगतो आणि पुढे जातो. पॅरिसमध्ये लावा पक्ष्यावर, होय लावा, क्वेल, काम झालंय. जंतूविरहित वाढवलेल्या लाव्याला लॅक्टोज खायला देऊन त्याच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम सोडला तर आंधळ्या आतड्यात एनईसीसारखेच बदल होतात, भिंतीत गॅसचे बुडबुडेसुद्धा. पक्षी कुठे, दूध कुठे! पण एकच जंतू दुधातल्या साखरेवर काय करतो हे बघायला ते मॉडेल चोख आहे. प्रत्येक प्राण्याला एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि त्याने त्या एकाच प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं.

आता दुसऱ्या गटाला उत्तर देतो, कारण मला माहितीये हे पत्र छापलं तर पुढच्या आठवड्यात ‘म्हणूनच प्राण्यांवरचे प्रयोग ताबडतोब बंद करा’ अशी पत्रं येणार. अमेरिकेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये कायदा बदलला, नवीन औषधासाठी प्राण्यांवरची चाचणी सक्तीची राहिली नाही, आपल्याकडेही मार्च २०२३ मध्ये नियमांत प्राण्यांऐवजी दुसऱ्या पद्धती चालतील अशी तरतूद आली. चांगलंच झालं. ऑपरेशनमध्ये निघालेल्या बाळाच्या आतड्यातल्या पेशींपासून छोटी आतडी वाढवतात, ऑरगॅनॉइड, आणि ती प्लॅस्टिकच्या चिपवर बसवून त्यात एनईसीच्या बाळाचे जंतू सोडून बघतात. माणसाच्याच पेशी, त्यामुळे उंदीर-माणूस हा घोळ नाही. पण त्या चिपला हृदय नाही, रक्तदाब नाही, तिला भूक लागत नाही, दोन-तीन आठवड्यांचं वय नाही. दूध हळू वाढवायचं की पटकन, हा प्रश्न चिपला विचारता येत नाही. डुकराच्या पिल्लाला येतो.

आणि ‘उंदीर म्हणजे माणूस नव्हे, सबब सगळं फेका’ हेही इतकं सोपं नाही. २०१३ मध्ये पीएनएएस या मासिकात एक पेपर आला की भाजणं, मार, संसर्ग यात माउसच्या जीन्सचा प्रतिसाद माणसाशी अजिबात जुळत नाही, जगभर गाजला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तोच डेटा वेगळ्या पद्धतीने तपासून त्याच मासिकात लिहिलं की चांगलाच जुळतो. आता बोला. मी स्वतः एरिटोरानचं उदाहरण लक्षात ठेवतो. टीएलआर-४ बंद करणारं औषध, प्राण्यांत कागदावर सगळं सुंदर, आणि मोठ्या माणसांच्या सेप्सिसमध्ये जवळपास दोन हजार पेशंटवर ट्रायल केली तर २०१३ चा निकाल असा की मृत्यू कमी झालेच नाहीत. तो आजार वेगळा, पेशंट वेगळे, मान्य, त्यावरून एनईसीत टीएलआर-४ चुकीचं असं होत नाही. पण माउसपासून बाटलीपर्यंतचं अंतर किती असतं ते कळतं.

अॅनिमल हाउसमध्ये राहिलेला माणूस म्हणून एक मत स्पष्ट देतो, कोणाला आवडो न आवडो. आपल्याकडे १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, सीसीएसईए ही प्राण्यांवरच्या प्रयोगांवर लक्ष ठेवणारी सरकारी समिती आहे, संस्थेची एथिक्स कमिटी मंजुरी देते, कागद सगळे असतात. पण चार दिवस गुदमरवण्याचं मॉडेल नव्या एखाद्या पाऊचवर शिक्का मारून घ्यायला वापरायचं, की बघा ‘एनईसी कमी झाला’, हे मला पटत नाही. टीएलआर-४ सारखा मुळातला प्रश्न असेल, जो माउसशिवाय सुटतच नाही, तर करा, पिल्लं कमीत कमी वापरा, पिल्लू मरेपर्यंत वाट बघू नका, लक्षणं ठरलेल्या पायरीला पोचली की तिथेच थांबवा. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच हे सांगून ठेवलंय, पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. बाळाला द्यायच्या आहाराचा प्रश्न असेल तर अकाली डुकराशिवाय मला तरी दुसरा विश्वासाचा प्राणी दिसत नाही, आणि तिथेही निगेटिव्ह निकाल छापलेच पाहिजेत, नाहीतर तीच पिल्लं दुसऱ्या देशात पुन्हा मरतात. दहा उंदरांच्या लॅबपेक्षा आपल्याकडे एका ठिकाणी अकाली डुकरांचं चांगलं युनिट उभं राहिलं तर जास्त उपयोग होईल असं मला वाटतं, खर्चिक आहे, रात्रभर माणसं लागतात, पण २०२० मध्ये भारतात ३० लाखांच्या आसपास बाळं वेळेआधी जन्मली, जगात सगळ्यात जास्त, मग प्रश्न आपलाच आहे ना.

तर विनंती अशी. उंदराची बातमी जरूर छापा, पण मथळ्यात प्राण्याचं नाव टाका, आणि पहिल्याच परिच्छेदात लिहा की आजार त्याला कसा आणला आणि माणसाच्या बाळांवर ट्रायल झाली आहे की नाही. ‘माउसच्या पिल्लांत, गुदमरवून केलेल्या एनईसीत, फायदा दिसला, बाळांवर चाचणी नाही’ एवढं वाक्य चौकटीत सहज मावतं. ग्रुपवर मग ते तितकं फिरणार नाही, हे मला समजतं.

आणि जागा उरलीच तर महाराष्ट्रातल्या मिल्क बँकांची यादी छापा, सायन, ससून वगैरे मोठ्या ठिकाणांची नावं लोकांना ऐकून तरी असतात, पण जिल्ह्याच्या ठिकाणी कुठे आहे, दूध द्यायचं असेल तर कोणाला फोन करायचा, कुठल्या तपासण्या होतात, पैसे पडतात का, हे आयांना खरंच माहीत नसतं. मे २०२४ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) आईच्या दुधाची विक्री चालणार नाही असं स्पष्ट बजावलंय, तेही त्यातच टाका, म्हणजे ऑनलाइन आईच्या दुधाची पावडर मागवणारेही जरा थांबतील. यादी तुमच्या जिल्हा प्रतिनिधींनी दोन दिवसांत गोळा केली तर पुढच्या रविवारच्या अंकात येऊ शकेल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पशुवैद्य, सातारा